खालून बारावा

हे घडलंय. तारीख सांगतो, वेळ सांगतो. ज्याला थाप वाटेल त्याने कळव्याला खाडीवर जाऊन कुणालाही विचारावं. त्या दुपारचा व्हिडिओ अजून तिथल्या निम्म्या मोबाइलमध्ये असेल.

१९ नोव्हेंबर २०२४, मंगळवार.

दुसऱ्या दिवशी मतदान होतं. त्यामुळे आदल्या संध्याकाळपासून प्रचाराचे भोंगे बंद झालेले. महिनाभर कान किटलेले, आणि एकदम सगळं गप्प. भर दुपारी डोंबिवलीत इतकी शांतता मी तरी कधी ऐकलेली नाही.

त्याच दुपारी कळव्याच्या खाडीत होडी उलटून चिराग गेला. सव्वीस वर्षांचा पोरगा.

हे सगळ्यांना माहीत आहे. माहीत नाही ते हे, की त्याच वेळी त्याची बहीण काय करत होती.

ती डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर खुर्चीत बसून त्याला बंद करत होती.

एकेक करून... अकरा वेळा.

तिला काही कल्पना नव्हती हो. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही लगेच तिच्यावर घसराल.

बहिणीचं नाव दक्षता. माझी मामेबहीण ऋजुता आणि ती एकाच संस्थेत संशोधन करतात, आणि डोंबिवलीत एकाच फ्लॅटवर राहतात. दोघींनी मला हे समोर बसून सांगितलंय. मधे मधे दक्षता उठून आत जायची, तोंड धुऊन यायची, आणि पुन्हा सांगायला लागायची.

दक्षता कळव्याच्या कोळीवाड्यातली. वडील कान्हा, आई मंजुळा. चिराग एका गॅरेजात कामाला होता. मंगळवारी गॅरेज बंद, म्हणून त्या दिवशी तो नात्यातल्या धाकूकाकाबरोबर मासेमारीला जायचा. दक्षता मात्र शिकत गेली, आणि अशा कामात पडली की घरच्यांना धड सांगता येईना पोरगी काय करते. शेवटी चिरागनेच उत्तर शोधलं. कुणी विचारलं की म्हणायचा, आमची बाय समुद्राच्या तळाला गळ टाकून बसलीय, मासा आभाळातून येणार आहे.

चेष्टाच ती. पण फारशी चूक नव्हती.

अंतराळातून न्यूट्रिनो नावाचे कण येतात. भिंत, डोंगर, अख्खी पृथ्वी, त्यांना काही अडत नाही. तुम्ही हे वाचताय तेव्हाही अब्जावधी तुमच्यातून आरपार चाललेत. बहुतेक साधे असतात. पण क्वचित एखादा येतो तो भयानक ताकदीचा. तो कुठून निघाला, कुणी फेकला... एखाददुसरं ठिकाण सोडलं तर अजून पत्ता नाही. ते ठिकाण शोधणं हेच दक्षताचं काम.

त्यासाठी परदेशात एका समुद्राच्या तळाशी, तीन किलोमीटर खोल काळोखात, दोऱ्या उभ्या केल्यात. खाली नांगर, वर तरंगे. एकेका दोरीवर खालपासून वरपर्यंत अठरा काचेचे गोळे. गोळ्यात उजेड टिपणारे डोळे. कण पाण्यात धडकला की निळी ठिणगी उडते, आणि कुठल्या गोळ्यांना ती कुठल्या क्रमाने दिसली त्यावरून कण कुठून आला ते कळतं.

यातला एक भाग नीट समजून घ्या. वरून बराच कचराही येत असतो. पण खालून, पृथ्वी भेदून वर येतो तो न्यूट्रिनोच. दुसऱ्या कशात ती ताकद नाही. त्यामुळे या लोकांचा पहिला धडाच असा, की खालून वर येईल ते खरं.

या यंत्रावर नजर ठेवायला जगभरातली माणसं पाळ्या लावतात, आपापल्या घरी बसून. काम कंटाळवाणं. खोल पाण्यात चमकणारे जीव असतात, ते गोळ्याला घासले की तो गोळा उगाच बडबडायला लागतो. मग नियम असा, की त्याला बंद करायचा. एक क्लिक, आणि कारणाच्या रकान्यात लिहायचं, गोंगाट. बंद गोळ्याने पुढे काय पाहिलं ते कुठेच नोंदलं जात नाही.

ऋजुताने यावर एक युक्ती केलेली. गोळ्यांच्या बडबडीचा तिने आवाज केला. स्क्रीनकडे न बघता कानाने कळावं म्हणून. नेहमी ते तव्यावर मोहरी तडतडल्यासारखं बारीक वाजत असतं. दोघी त्याच्यावर चहा करायच्या, जेवायच्या.

त्या दिवशी दुपारची पाळी दक्षताची होती.

तीन वाजून अठरा मिनिटांनी खबर आली. जगातल्या अशाच दुसऱ्या एका यंत्राने भल्या ताकदीचा कण पकडलेला. दिशा जाहीर झाली, आणि दक्षता खुर्चीतून उठून उभी राहिली. याच दिशेने आधी दोन आलेले. त्या दोन कणांवर तिने तीन वर्षं घालवलेली. आता त्याच्या मागोमाग आपल्या यंत्रात आणखी एखादा सापडला, तर तिथे काहीतरी आहे हे छातीठोकपणे सांगता आलं असतं.

देवयानी मॅडमचा, म्हणजे तिच्या गाइडचा, लगेच फोन आला. पुढचा तासभर एकही गोळा कटकट करायला नको. गोंगाट दिसला की बंद कर, मला विचारत बसू नकोस.

दक्षताने फोन सायलेंटवर टाकला आणि स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून आली. पाळीचा तोच रिवाज.

तीन बावीस.

टक...

टक... टक... टक-टक.

सहाव्या दोरीवरचा सगळ्यात खालचा गोळा. मोहरीच्या तडतडीत हा आवाज वेगळा उठून येत होता. दक्षताने क्लिक केलं. गोंगाट. बंद.

शांत झालं.

तीन-चार मिनिटं गेली.

टक... टक... टक... टक-टक.

त्याच दोरीवर. खालून दुसरा.

तिने तोही बंद केला. चिडली थोडी. आज एवढं मोठं प्रकरण चाललंय आणि हे कुठलं झेंगट मागे लागलंय, असं ती ऋजुताला म्हणाली.

तिसरा सुरू झाला तेव्हा तिला हसू आलं. ठोके ओळखीचे होते. खाडीत बोय मासा धरताना जाळं सोडतात आणि वल्ह्याने होडीची फळी वाजवतात. मासा बिचकून जाळ्याकडे पळतो. ज्याचा त्याचा ठोका ठरलेला. तिच्या बाबांचा असाच. तीन सावकाश, दोन झटपट. पुढे चिरागनेही तोच उचललेला.

"ऐक गं, आमच्या घरचा ठोका," ती ऋजुताला म्हणाली.

ऋजुताही हसली. मग म्हणाली, बंद कर, मॅडम फाडून खातील.

दक्षताने बंद केला.

चौथा... पाचवा... सहावा.

प्रत्येक वेळी तसंच. बंद केला की शांतता. दोन-तीन मिनिटं काहीच नाही. आणि मग वरचा एक.

सातव्याला दक्षताचं हसू गेलं.

तिने शेजारच्या दोऱ्या तपासल्या. पाण्यात खरंच उजेड असता तर आजूबाजूच्या गोळ्यांना दिसला असता. त्यांना काहीच दिसत नव्हतं. पाण्यात काळोख होता. फक्त तो एकच गोळा सांगत होता की माझ्यासमोर काहीतरी आहे.

आणि ते खालून वर येत होतं.

न्यूट्रिनोची खूण अख्खी दोरी चढून जाते ती डोळ्याचं पातं लवायच्या आत. याला अर्धा तास झालेला, आणि अजून निम्मी दोरीही झाली नव्हती. दमून दमून चढल्यासारखं. थांबत, पुन्हा हात घालत.

"हा कण नाहीये," ती म्हणाली.

"नाहीये ना, मग बंद कर," ऋजुता म्हणाली.

हे वाक्य ऋजुता मला सांगताना तीनदा रडली. पण तिचं तरी काय चुकलं? त्या खोलीत तुम्ही असता, मी असतो, तरी हेच म्हणालो असतो.

आठवा. नववा. दहावा.

बंद नाही केला तर आलेला कण हुकेल, तीन वर्षं पाण्यात जातील. बंद करायचा तर बोट पुढे जाईना. तरी ती करत गेली.

चार वाजून दोन मिनिटांनी अकरावा बोलला.

टक...

टक...

बऱ्याच वेळाने... टक.

पुढचे दोन झटपट ठोके आलेच नाहीत. तिने वाट पाहिली. मग क्लिक केलं.

गोंगाट. बंद.

आणि ती बाराव्याची वाट बघत बसली. एक मिनिट. पाच मिनिटं. दहा.

काही नाही. नुसती मोहरी तडतडत होती.

मॅडमचा मेसेज आला, छान, आता स्वच्छ आहे.

तासाभरात दुसरा कण काही आला नाही. पाळी संपायला आली तशी दक्षता पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. फोनवर बाबांचे चौदा मिस्ड कॉल होते.

खाडीत काय झालेलं ते आता सांगतो. भरती ओसरायला लागलेली. जाळं पाण्याखालच्या कशात तरी अडकलं, होडी कलली आणि उलटली. धाकूकाका बाजूला चिखलात फेकला गेला, वाचला. चिराग होडीखाली सापडला. पायात जाळं गुंडाळलेलं. उलटी होडी जुन्या जेटीच्या खांबांमध्ये जाऊन रुतली. आत थोडी हवा राहिली असणार, कारण तो आतून ठोकत होता. जिवंत आहे हे काठावरच्या सगळ्यांना ऐकू येत होतं. माणसं छातीएवढ्या चिखलात उतरली, दोर लावले, ओढले. होडी हलेना. कान्हाबाबा काठावरून ओरडत होते, ठोकत राहा रे, ठोकत राहा. एका हाताने पोरीला फोन लावत होते. तिने उचलला असता तरी डोंबिवलीहून तिने काय केलं असतं, हे मी तिला शंभरदा सांगितलंय. तिला ते पटतं. पण पटून काय होतं?

होडी निघाली तेव्हा पावणेपाच झालेले.

दिवस झाले, माणसं येऊन गेली. मग कुणीतरी तो व्हिडिओ पाठवला. पोरं हल्ली काहीही शूट करतात. चाळीसएक मिनिटांचा, काठावरून धरलेला. दक्षताने तो आवाज मोठा करून ऐकला. ऋजुता नको म्हणत होती.

त्यात ठोके स्पष्ट ऐकू येतात. तीन सावकाश, दोन झटपट.

मग अचानक थांबतात. काठावरची माणसं गप्प होतात. दोन-तीन मिनिटं काहीच नाही... आणि पुन्हा सुरू होतात, आधीपेक्षा थोडे हळू.

असं दहा वेळा आहे. अकराव्यांदा थांबतात ते थांबतातच.

दक्षताने पाळीची नोंदवही उघडली. कुठला गोळा किती वाजता बंद केला, सगळं सेकंदासकट लिहिलेलं असतं. ऋजुता व्हिडिओतली वेळ वाचत गेली, आणि दक्षता नोंद.

तीन तेवीस आणि दहा सेकंद. इकडे पहिला गोळा बंद. तिकडे ठोके थांबले.

तीन सत्तावीस. दुसरा.

पाचव्यानंतर ऋजुताने वाचायचं थांबवलं. दक्षताने एकटीने शेवटपर्यंत जुळवलं. एकाही सेकंदाचा फरक नव्हता.

शेवटची नोंद चार वाजून तीन मिनिटं चाळीस सेकंद. त्यानंतर व्हिडिओत फक्त वारा आहे, आणि कान्हाबाबांचा आवाज.

तुम्ही म्हणाल योगायोग. म्हणा. मीही आधी तेच म्हणालो. मग मला पुढचं सांगितलं. दक्षतानंतर पाळी सुश्रुत नावाच्या मुलाची होती. त्याने नियमाप्रमाणे ते अकरा गोळे परत चालू करायला घेतले. एकही चालू झाला नाही. वीज पोचते, उत्तर येत नाही. सगळी तपासणी झाली, अहवाल झाला. कारण अज्ञात. आणि अकरा गोळ्यांसाठी दोरी कुणी तीन किलोमीटर वर ओढत नाही.

दक्षताने हे कुणाला सांगायचं नाही असं ठरवलेलं. पण चिरागच्या तेराव्यानंतर आई शेजारी येऊन झोपली आणि तिला राहवेना. सगळं सांगून टाकलं. आई शिव्या देईल, मारेल, काहीतरी करेल, असं तिला वाटलेलं. खरं तर तेच हवं होतं.

मंजुळाकाकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "एका दोरीला गोळं किती?"

"अठरा."

"आनि तू बंद केलंस अकरा."

"हो."

काकूंनी बोटांच्या पेरांवर मोजलं. "म्हंजे सात हायत अजून," म्हणाल्या, आणि कूस बदलून झोपल्या.

त्या दिवसापासून रोज रात्री जेवणं झाली की त्यांचा फोन यायचा. एकच प्रश्न. खालून बारावा चालू हाय ना? दक्षता बघून सांगायची, चालू आहे. मग फोन बंद. लोक म्हणाले बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. मला नाही वाटत. त्यांच्यापुरतं गणित सरळ होतं. पोरगा खालून वर येतोय आणि अर्ध्या वाटेत आहे.

फेब्रुवारीत एका रविवारी दक्षता कळव्याला घरी गेलेली. पाळी तिची नव्हती. लॅपटॉप उघडा होता, कारण आईला तो उघडा लागायचा. बाबा दारात जाळं शिवत होते. काकू भाकऱ्या थापत होत्या.

टक...

बाबांचा हात थांबला.

टक... टक... टक-टक.

सहावी दोरी. खालून बारावा.

काकू पिठाचे हात तसेच घेऊन आल्या. स्क्रीनसमोर बसल्या, आणि अगदी हळू, झोपेतल्या पोराला उठवावं तसं म्हणाल्या, "ये बाला. ये वर."

दक्षताने पाळीवर कोण आहे ते पाहिलं. कुठल्यातरी लांबच्या देशातला माणूस. नाव कधी ऐकलेलं नाही. तिने त्याला मेसेज टाकला, सहाव्या दोरीचा बारावा गोळा कृपा करून बंद करू नका.

त्याचं लगेच उत्तर आलं. सभ्य माणूस. नक्की, पण का ते कळेल का?

दक्षताने लिहायला घेतलं. माझा भाऊ, इतकं लिहिलं. खोडलं. यात सिग्नल असू शकतो, असं लिहिलं. खोडलं. सिग्नल नाही हे त्यालाही दिसत होतं. शेजारच्या दोऱ्या काळोख सांगत होत्या. मॅडमना फोन लावला, तो उचलला गेला नाही.

ठोके चालू होते. काकू एकेका ठोक्याला मान हलवत होत्या.

चौथ्या मिनिटाला स्क्रीनवर त्याचा मेसेज आला. माफ करा, गोळ्याची बडबड खूपच वाढलीय, नियमाप्रमाणे बंद करावा लागतोय.

टक... टक...

आणि शांतता.

रकान्यात शब्द उमटला. गोंगाट.

बाबा उठून बाहेर गेले. काकू वाट बघत बसल्या. बराच वेळ. तव्यावरच्या भाकरीचा कोळसा झाला, तरी कुणी उठलं नाही.

"कोनी बंद केला?" त्यांनी विचारलं.

"एक माणूस आहे, आये. लांबचा. त्याला माहीत नाही."

"मंग सांग ना त्याला."

"काय सांगू?"

काकू उठल्या आणि तव्यावरची काळी भाकरी काढून टाकली.

बारावाही त्या दिवसापासून मेलेला आहे. वर सहा उरलेत. दक्षता आता मिळेल ती पाळी मागून घेते, दुसऱ्यांच्याही घेते, डोळ्यांखाली काळं झालंय. पण चोवीस तास कोण जागणार? ऋजुता म्हणते, पाळीच्या यादीत जगभरातली दोनशेच्या वर माणसं आहेत. चांगली, कामसू माणसं. त्यांना काय लिहून कळवायचं, यासाठी आम्ही तिघं कितीदा तरी बसलो. एक ओळ सुचलेली नाही.

आणि नियम त्या सगळ्यांना पाठ आहे.